पत्र्याचा बेडूक आणि शेरभर बियाणं

स्वतःच्या कष्टाने मिळवलेलं खेळणं मुलाला आयुष्यभर पुरतं. हे वाक्य माझंच आहे. मुरबाडला ग्रंथपाल असताना बालवाचकांच्या कार्यक्रमांत मी ते इतक्या वेळा म्हटलं की एका शाळेने ते भिंतीवर रंगवून घेतलं. प्रत्यक्षात मला लहानपणी विकतचं म्हणावं असं एकच खेळणं मिळालं. ते पावसाळ्यापर्यंतही टिकलं नाही, आणि मी ते चोरीच्या भातावर घेतलं होतं.

हे मी पन्नासेक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. यंदा पौषात सांगावं लागलं, तेही शाळेच्या दारात, माइक हातात घेऊन.

आमची शाळा शहापूर तालुक्यात, सापगावच्या पलीकडे. तिचा अमृतमहोत्सव होता. कल्याण-ठाण्याला स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी एक समिती केली होती, समितीने एका वर्गात 'हरवलेलं बालपण' नावाचं दालन मांडलं होतं आणि त्याची फीत कापायला मला बोलावलं होतं. समितीचे चिटणीस माझ्याहून वीस वर्षांनी लहान. फोनवर म्हणाले, "मॅडम, पाचच मिनिटं बोला, पण लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मी म्हटलं, पाण्याचं सांगता येत नाही, वेळ पाळीन.

मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत एसटीने पोहोचले. कार्यक्रमाला अजून तास होता, म्हणून चिटणिसांनी मला आधी दालन दाखवलं. मांडणी नीटनेटकी होती. आंब्याच्या कोयी घासून केलेल्या पिपाण्या मखमलीवर ठेवल्या होत्या. काड्यापेट्यांचे छाप काचेखाली होते. एका तारेच्या गाडीला रबरी चपलेची चाकं होती, आणि ती चाकं इतकी निळीशार होती की मी विचारलं.

"नवी चप्पल आणून कापली," चिटणीस म्हणाले. "जुनी कुणाकडे मिळेना."

आमच्या वेळी चपलेचा अंगठा तीनदा शिवून, चौथ्यांदा सेफ्टी पिन लावून, टाच जमिनीला लागली की मग ती चाकांसाठी मोकळी व्हायची. एका जोडीत चार चाकं निघत. त्यासाठी घरातल्या मोठ्या माणसाच्या चपलेकडे सहा-सहा महिने डोळे लावून बसावं लागे. नवी चप्पल कापणाऱ्याला आमच्या घरी बालपणच काय, जेवणही मिळालं नसतं. पण तोवर पुढच्या टेबलावर माझं लक्ष गेलं होतं. तिथे काचेच्या बरणीत बोरं होती, दुसरीत चिंचा, तिसरीत आवळे. वर पाटी होती : 'लुप्त होत चाललेला रानमेवा'.

"ही बोरं कुठून आणलीत?"

"हे काय, गेटवर. ती मावशी बसते ना. सकाळी सगळी पाटीच घेतली तिची."

गेटवर बसणारी मावशी माझ्याबरोबर चौथीपर्यंत शिकलेली. ती डोंगरावरच्या वाडीतली. चौथीनंतर मी शहापूरच्या शाळेत गेले आणि ती आईबरोबर पाटी घेऊन इथे बसू लागली. आई गेल्यावर एकटी बसते. शाळा सुटली की पोरं तिच्याभोवती जमतात, आणि बोरं लुप्त होत असल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा ती पाटी उचलून उभी होती. पाटीत आणखी बोरं होती. सगळी विकली गेल्यावर तिने वाडीवरून दुसरी पाटी मागवली होती.

"कुठं निघालीस गो?"

"टाकीमागं. चिटणीस बोलले, फोटोत येतंय."

"आजच्यापुरतं?"

"नाय. ही कमान झाली ना नवी. आता हितं कुणी बसायचं नाय, असा ठराव केलाय म्हणं." मग कमानीकडे बघून म्हणाली, "टाकीमागं पोरं येत नायत. तिथं साप हाय, म्हणून गुरुजीच जाऊ देत नायत."

कमान समितीच्या अध्यक्षांनी दिली होती. त्यांचा व्यवसाय बांधकामाचा, त्यामुळे कमान मजबूत होती आणि नाव ठळक. बोरांवर चाललेलं तिचं घर त्या नावाखालून उठून टाकीमागे जाणार होतं. मला तिची आई आठवली. तिलाही एकदा याच दारातून उठवलं होतं. त्याचं कारण फक्त दोघींना माहीत होतं, एक तिला आणि एक मला.

तेव्हा आमच्याकडे बोरं भातावर मिळत. भात म्हणजे टरफलासकटचं, खळ्यावरचं. कापणी झाली की आम्ही पोरी शेतात राहिलेल्या लोंब्या वेचायचो, त्याला सरवा म्हणतात. सरव्याचं भात फ्रॉकच्या ओच्यात घेऊन शाळेत जायचं आणि मधल्या सुट्टीत तिच्या पाटीपाशी ओतायचं. मुठीला मूठ, असा दर होता. तिची मूठ मोठी होती, म्हणून सौदा आमच्या बाजूचा.

एका वर्षी म्हसा गावच्या जत्रेहून तिने थोडी खेळणी आणली. त्यांत पत्र्याचा हिरवा बेडूक होता. पोटाखालची पट्टी दाबली की टिक, सोडली की टक. किंमत शेरभर भात. माझा सरवा केव्हाच बोरांत संपला होता.

आमच्या घरात भात साठवायच्या दोन कणग्या होत्या. मोठीत खायचं हळवं भात, छोटीत गरव्याचं बियाणं. हळवं लवकर पिकतं, गरवं उशिरा, हे मला माहीत होतं, पण ते मोठ्यांच्या बोलण्यातलं म्हणून. मोठी कणगी आई रोज उघडायची आणि तिची पातळी आईला डोळे मिटून सांगता आली असती. छोटीचं तोंड शेणाने लिंपलेलं होतं आणि ते थेट मृगाला उघडायचं होतं. चोराला मुदत लागते. मी छोटी उघडली, शेरभर काढलं आणि तोंड पुन्हा शेणाने लिंपलं. लिंपणं मला चांगलं जमायचं.

बेडूक मिळाला आणि मग लक्षात आलं की चोरीने घ्यायला याच्याइतकं वाईट खेळणं दुसरं नाही. बाहुली असती तर गपचूप खेळता आली असती. बेडकाचं सगळं सुख टिकटिकीत, आणि टिकटिक ऐकली की आई विचारणार, हा कुठून आला. मी त्याला गोधडीत गुंडाळून, गोधडीवर बसून दाबायची. एवढं करून जो आवाज येई, तो बेडकापेक्षा माझ्या गुडघ्याचा वाटायचा. एरवी तो गोठ्याच्या वळचणीला लपवलेला असे. वैशाखात बाहेर काढला तर गंजून घट्ट झाला होता.

मुदतही भरत आली होती. बाबा बियाणं मोजून पेरायचे. एके दिवशी आई लग्नाला गेली तेव्हा मी मोठ्या कणगीतून शेरभर काढलं आणि छोटीत टाकलं. माप बरोबर झालं. भात ते भात, असा माझा विचार. मोजायला मी पक्की होते. शेती मात्र मला कळत नव्हती.

ते शेरभर हळवं छोट्या कणगीत सगळ्यात वर होतं, म्हणून आधी पेरलं गेलं, राबाच्या, म्हणजे रोपांच्या वाफ्याच्या, एका कोपऱ्यात. त्या कोपऱ्यातली रोपं आवणीला उपटून शेतात लावली तेव्हा एकाच ठिकाणी लागली. ते ठिकाण शाळेच्या वाटेकडेला होतं. भाद्रपद उलटला तेव्हा आमचं सगळं शेत हिरवंगार आणि वाटेकडेला चटईएवढा तुकडा पिवळा, लोंब्या टाकून वाकलेला. जाणारायेणारा प्रत्येक माणूस थांबून बघायचा. गावात सगळे शेतकरीच, त्यामुळे काय झालंय ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कुणी केलंय एवढंच कळायचं बाकी होतं.

बाबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मला काय माहीत?"

शेजारचे काका म्हणाले, "ती भातावर बोरं देणारी. तिनंच पोरांना नादी लावलंन. बियाण्याला हात घालतात आता."

आईने मान डोलावली. चार घरांनी गुरुजींना सांगितलं, आणि त्या हंगामात बोरवालीला शाळेसमोर बसू दिलं नाही. तिने ओढ्यापलीकडे पाटी लावली. तिकडे आम्हाला जायची बंदी होती. तिची मुलगी वर्गात माझ्या शेजारी बसायची. त्या वर्षी ती डबा आणत नसे, पाणी पिऊन यायची. मी ते बघायची आणि पाढे म्हणायची.

त्या हंगामात बोरवाली मला एकदाच भेटली, ओढ्यावर. कोण दोषी हे तिला पक्कं माहीत होतं, कारण शेरभर भात तिनेच मोजून घेतलं होतं. ती एका शब्दाने मला उघडं पाडू शकली असती.

"बेडूक वाजतो का गो तुझा?" तिने विचारलं.

"गंजला."

"बरा झाला," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. पुढच्या वर्षी गुरुजी बदलले. नव्या गुरुजींना बोरं आवडायची, म्हणून ती परत दारात आली.

तेव्हा रम्य बालपण वगैरे माझ्यापुढे कुणी काढू नये. आमच्याकडे मोबाइल नव्हता म्हणून आम्ही कोयीच्या पिपाण्या वाजवत होतो. असता तर कोयी उकिरड्यावर गेल्या असत्या आणि बियाण्याला हात रिचार्जसाठी लागला असता. हरवल्याचंही तसंच. बोर त्याच बांधावर आहे, पाटी त्याच दारात आहे. पत्ता बदलला तो समितीचा.

त्या दिवशी यातलं मी काहीच मनाशी जुळवत बसले नाही. म्हटलं, "खाली ठेव पाटी." तिने ठेवली. तिच्या पोत्यावर मी बसले. अध्यक्ष आले होते, लेझीम सुरू झाली होती, आणि प्रमुख पाहुणी कमानीखाली मांडी घालून बोरं खात होती.

चिटणीस धावत आले. "मॅडम, टाइम झालाय. चला ना."

"फीत इकडे आणा."

"इकडे कशी आणणार? दालन तिकडे आहे."

"दालन इकडेच आहे. तिकडे बरण्या आहेत."

"मॅडम, प्लीज. सर थांबलेत."

"थांबू द्या. हिला इथून उठवायचा ठराव मागे घ्या, मी लगेच येते. नाहीतर मला पाच मिनिटं दिलीत ती इथेच द्या."

माझ्या शेजारणीने मला कोपर मारलं. "ऊठ गो. गिऱ्हाईक अडतंय माझं."

"एकदा उठले नाही तर काय होतं ते बघू."

"मला ठावं हाय काय होतं. आमी बघितलाय."

मग मी माइक मागितला. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलाच प्रकार आहे. मी कणगीपासून ओढ्यापर्यंत सगळं सांगितलं. बाबांचं शेत, पिवळा तुकडा, "मला काय माहीत?". वेळ पाळली. डोळ्यांत पाणी कुणाच्या आलं नाही. मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाले, "तरीच त्या वर्षी," आणि समाधानाने बसून राहिले. शेवटी मी म्हटलं की माझ्या चोरीसाठी या दारातून एक बाई एकदा उठली, कमानीसाठी दुसरी उठणार नाही. उठवायचंच असेल तर आधी मला उचलावं लागेल, आणि माझं वजन बऱ्यापैकी आहे.

अध्यक्ष गंभीर झाले. म्हणाले, ठराव बैठकीत झाला आहे, बैठकीतच बदलता येईल. तेव्हा शाळेचे आताचे मुख्याध्यापक पुढे आले. तरुण मुलगा. म्हणाला, "सर, गेटच्या बाहेरची जागा शाळेची नाही. ग्रामपंचायतीची आहे. आपला ठराव तिथे लागूच होत नाही." त्याने जमिनीकडे बोट दाखवलं. कमानीचा एक खांबही शाळेच्या हद्दीबाहेर होता. अध्यक्षांनी खांबाकडे पाहिलं आणि कात्री माझ्याकडे पाठवली. मी उठून फीत कापली.

परत निघताना तिच्यापाशी थांबले. मनावरचं मोठं ओझं उतरलंय, असा माझा चेहरा असावा. म्हटलं, "तुझ्या आईला सांगायचं राहिलं."

"तिला काय सांगायचा? तिनं वाडीवर तवाच सांगितला व्हता."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. वाडीवर तुला अजून बेडकीच बोलतात." तिने कागदात बोरं बांधून माझ्या हातात दिली. "तू एसटीतून उतरलीस ना, तवा माझा नातू वराडला, बेडकी आली."

मागच्या आठवड्यात पुन्हा तिकडे जाणं झालं. ती कमानीखालीच होती. 'हरवलेलं बालपण'चा फ्लेक्स तिने अंथरला होता आणि त्यावर बोरं वाळत घातली होती. अध्यक्षांच्या फोटोची बाजू जमिनीकडे होती, कारण छपाईचा रंग बोरांना लागतो.