मणेरीण आणि माझं करडू

निजामाच्या राज्यात, धारूरला आमच्या गल्लीत हैदराबादच्या बांगड्या घेऊन मणेरीण आली की आम्ही पोरी धावत सुटायचो. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्लेगात आईबाप गेल्यावर काकूनं मला पोसायला आणलं आणि एक धाप लागलेलं करडू माझ्या हवाली केलं. ते जगणार नाही, असं वैदू सांगून गेला होता. मी त्याला पाला घालायचे, पण जवळ घेत नसे.

मणेरणीनं ते ओसरीवरून पाहिलं. बांगडी चढवायला माझा पंजा दाबत ती म्हणाली, "त्याला काहून शिवत न्हाईस, बेटा?"

"ते मरणार हाय."

तेवढ्यात बांगडी फुटली. भरताना फुटली तर नुकसान मणेरणीचं, अशी रीत. तिनं हसत काचा बाजूला सारल्या आणि दुसरी चढवली. "काच हाय, फुटतीच. म्हून कुनी हात रिकामे ठेवतं का?"

मी उठले ती थेट गोठ्यात. बांगड्या वाजल्या तसं करडू कान टवकारून धडपडत उभं राहिलं.

"काकू, उठलंय बघ!"

पोळ्यापर्यंत ते माझ्या मांडीवरच होतं. गेलं तेव्हा मी काकूच्या कुशीत पोटभर रडले. आईबापांसाठीचं राहिलेलं रडणंही त्यातच रडून घेतलं.