न तपासलेलं रक्त

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते बुलढाण्याच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांचं. आमच्या गावी, मोताळ्यापर्यंत घाट उतरून येऊन, वांग्याच्या वाफ्यात उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना ते म्हणाले होते, "भाऊ, याले कॉलेजात जाऊ द्या." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो, तो त्या एका फेरीमुळे.

त्याच सरांनी मला एकदा शून्य दिलं होतं. पाणी किती अंशांवर उकळतं ते पाहायचं होतं. मी न पाहताच शंभर लिहिलं. सरांनी थर्मामीटर माझ्या डोळ्यांपुढे धरला. पारा अठ्ठ्याण्णवापाशी थांबलेला. बुलढाणा उंचावर, तिथलं पाणी शंभराची वाट पाहत नाही. "काऊन बे, पुस्तकातलं पानी उकळलं का इथलं?" सगळा वर्ग हसला.

पुढे मला एका वैद्यकीय महाविद्यालयात, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या विभागात नोकरी लागली. तिथे एका कुत्र्याचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवून पाहत. पुढे कधीतरी माणसांना उपयोग होईल, ही आशा. अशा वेळी रक्त द्यावं लागे. देणाऱ्याच्या तांबड्या पेशी आणि घेणाऱ्याचा रक्तद्रव काचपट्टीवर एकत्र करायचा, गुठळ्या होतात का ते पाहायचं आणि वहीत 'जुळते' किंवा 'जुळत नाही' लिहायचं, हे माझं काम.

एक तांबूस कुत्री होती. मला पाहिलं की शेपटीने पिंजऱ्याचा पत्रा वाजवायची. दोन महिन्यांपूर्वी तिला एका काळ्या कुत्र्याचं रक्त दिलं होतं. तेव्हा मी तपासलं होतं, जुळलं होतं. मूत्रपिंड बसवायच्या दिवशी पुन्हा त्याच काळ्याचं रक्त द्यायचं ठरलं. माझी आई खाण्यापिण्याबद्दल म्हणायची, "एकदा मानवलं ते मानवलं." मी काचपट्टी काढलीच नाही. मागचं पान पाहून 'जुळते' लिहिलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. नंतर रक्त चढू लागलं तशी ती थरथरू लागली. लघवी गडद तांबडी झाली. सकाळी ती मेलेली होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी वहीत लिहिलं, 'शरीराने मूत्रपिंड नाकारले.' मग स्वतःशीच म्हणाले, "इतक्या लवकर? आपली पद्धतच चुकते आहे."

शस्त्रक्रियेआधी काढलेले तिच्या आणि काळ्याच्या रक्ताचे नमुने शिल्लक होते. मी एकट्याने तपासले. काचपट्टीवर रक्त नासलेल्या दुधासारखं फुटलं. पहिल्या वेळी दिलेल्या रक्तानेच तिच्या शरीराला त्या रक्ताशी वैर शिकवलं होतं. डॉक्टरांना काही न सांगता मी सुट्टी घेऊन गावी आलो.

सरांना भेटायला गेलो. कुत्रीबद्दल मी त्यांना पूर्वी पत्रातून कळवलं होतं.

"कशी हाय तुह्यी कुत्री?"

"मेली, सर. मूत्रपिंड नाकारलं म्हणतात."

"म्हनतात? तू काय पाह्यलं?"

मी चहा अर्धा ठेवून उठलो. परत गेल्यावर त्यांना हे पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, सा. नमस्कार.

त्या दिवशी उत्तर न देता निघालो, क्षमा असावी. कुत्री मूत्रपिंडामुळे नाही, माझ्यामुळे गेली. रक्त न तपासता मी 'जुळते' लिहिलं होतं. काल डॉक्टरांना नमुने दाखवले. त्यांनी काचपट्टी स्वतः करून पाहिली. मग त्यांनी आपली ओळ खोडली आणि वही माझ्याकडे सरकवली. खरं कारण मी माझ्या अक्षरात लिहिलं.

नोकरी राहते की नाही, ते सोमवारी कळेल. वडील बाजारात भेटले तर काही बोलू नका. त्यांना मीच सांगेन.

काळा कुत्रा बरा आहे. आता त्याचं रक्त दर वेळी तपासतो.

आपला विद्यार्थी"