पश्चिमेची भिंत

वार्निशचा वास आला की सोलापुरातली ती शुक्रवारची संध्याकाळ आठवते. आमच्या यहुदी घराण्यातला पहिला बी.ए. मी, ताजं वार्निश दिलेल्या सागवानी चौकटीतली पदवी मी ऐटीत पश्चिमेच्या भिंतीवर लावली होती. शब्बाथचा, आमच्या आठवड्याच्या विसाव्याच्या पवित्र दिवसाचा दिवा लागला, मंडळी प्रार्थनेसाठी यरुशलेमच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला वळली, ती थेट माझ्या पदवीसमोर. आत्या म्हणाली, "आरं, मान कुणापुढं लववायची? देवापुढं, का तुज्या बी.ए.पुढं?" सगळे हसले, गिरणीत राबून मला शिकवणारे बाबा तेवढे प्रार्थनेचं पुस्तक उघडून उभे राहिले. शब्बाथ संपल्यावर त्यांनी पदवी काढून माझ्या हातात दिली आणि चौकटीत हिब्रू प्रार्थनेचा कागद बसवला. "चौकट लई चांगली हाय की," एवढंच म्हणाले. आज ती चौकट माझ्या घरात पश्चिमेच्या भिंतीवर आहे. प्रार्थनेला उभा राहिलो की माझी मान आधी लाजेनं खाली जाते, मग देवापुढं.