जुन्या डब्यातली नावं

माझी बायको शाळेत गेली न्हाई, मी तिसरीतून उठलो. तरी आमच्या घरातल्या लग्नाबारशांच्या व्हिडिओंना नावं तिनंच दिली. नांदेडला राहणाऱ्या आमच्या लेकीनं टीव्हीला एक लहानसा डबा जोडून दिला होता. व्हिडिओ सगळे डब्याला लावायच्या डिस्कमध्ये, अन् त्यांना नुसते नंबर. बायको सांगायची, लेक डब्यावर टाईप करायची. ‘वरण कमी पडलेलं लग्न.’ ‘म्हातारा रुसला ते.’ रुसलेला म्हातारा मीच.

बायको गेली. पुढं डबा लई अडकायला लागला, म्हणून लेकीनं नवा आणून दिला. जुना मी देवणीच्या मेव्हण्याला देऊन टाकला. डिस्क माझ्याकडं हाय म्हणजे सगळं हाय, एवढीच माझी अक्कल. नव्या डब्याला डिस्क लावली. व्हिडिओ आले, पण नावं एकही न्हाई, नुसते नंबर. त्या दिवशी मी जेवलो न्हाई.

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, “अप्पा, नावं डिस्कवर नसतात. डब्यात एक बारकी फाईल असते. कोणता व्हिडिओ कुठं हाय, त्याचं नाव काय, कुठवर बघितला, सगळं तिच्यात. मामानं डबा साफ केला असंल तर गेलं.”

“आधी सांगता येत न्हवतं का?”

“देताना मला विचारलं का तुम्ही?”

न्हवतं विचारलं. नवा डबा अन् डिस्क पिशवीत घालून सकाळच्या यष्टीनं जळकोटहून निघालो अन् देवणी गाठली. मेव्हणा ओट्यावरच होता. पाणी बी न घेता विचारलं, “डबा साफ केलास का?”

“करणार होतो, दाजी. पण लावला तर अक्कानं दिलेल्या नावांची यादी आली. दाबलं तर काहीच लागंना. मग रोज नुसती वाचून राहिलो. ‘भावानं आणलेल्या साडीचा रंग गेला.’ हे माझ्यावर हाय ना?”

“मग काय माझ्यावर?”

“साडी चांगली होती हो,” तो म्हणाला.

जुना डबा घेऊन तसाच नांदेडला लेकीकडं गेलो. तिनं त्यातल्या फाईलची कॉपी काढली. एका फोटोएवढी बी न्हवती. नव्या डब्यात बसवायला मात्र तिची अख्खी दुपार गेली. मग एकेका नंबराच्या जागी नाव आलं. मी अक्षर अक्षर लावत सगळी वाचली.

मेव्हण्यानं माझं केवढं राखलं! त्याला फोन करून म्हणालो, “तुला बी एक डिस्क भरून देतो, व्हिडिओ बघ.”

“डिस्क नको दाजी. डबा तेवढा परत द्या.”

“रिकाम्या डब्यात काय बघशील?”

“यादी.”

पुढच्याच आठवड्यात मी स्वतः नेऊन दिला.