सुतकात गप्प झालेला कॉम्प्युटर

नांदुऱ्याच्या आमच्या घरात बाबांचं सुतक चालू होतं आणि त्यातच माझा कॉम्प्युटर गप्प झाला. मी जन्मापासून आंधळा. पडद्यावरचं सगळं मला एक प्रोग्राम बोलून सांगतो. तो मुका झाला की माझ्यापुढे नुसता डबा उरतो. दुपारपर्यंत भाषांतराची चाचणी पाठवायची होती. ती हुकली की नोकरी गेली, आणि बाबांच्या मागे घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

म्हटलं, दुसऱ्या आंधळ्यांना फोनवर मी हेच तर शिकवतो: आवाज गेला तरी कमांड न ऐकता टाइप करता येते. आवाज सुरू करायची कमांड टाकली. काहीच नाही. पातळी शंभर टक्के केली. बोलणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. कॉम्प्युटर ढिम्म. एखादं अक्षर चुकलं असेल म्हणून सगळं पहिल्यापासून टाकलं. माझा तोरा पार उतरला. शेवटी चिडून विचारलं, माझ्या सामानाला कुणी हात लावला?

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, शांतपणे आली. घरचं सुतक तीच सांभाळत होती. टीव्ही तिनं बंद करवलाच होता. सकाळी कपाटावरच्या स्पीकरचं बटणही शून्यावर आणलं होतं. आवाज मी कायम कीबोर्डावरून कमीजास्त करतो, त्यामुळे ते बटण माझ्या डोक्यातच आलं नाही.

"सुतकात कोनी बाजा वाजवते काय रे?" ती म्हणाली.

मी थक्क झालो. इतकी वर्षं तिला वाटत होतं, मी गाणी ऐकत बसतो!

तिनं कुरकुरत बटण परत फिरवलं. मी कळ दाबली, आणि शंभर टक्क्यांवरचा तो यांत्रिक आवाज बसायला आलेल्या माणसांवर कडाडला. कुणाच्या तरी हातचा पेला पडला. मीसुद्धा दचकलो. आत्या पुन्हा बटणाकडे धावली.

"राहू द्या, बाई."

आई बोलली होती. बाबा गेल्यापासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, आणि या यंत्राची बडबड तर तिला कधीच खपत नसे.

"हे होते तवा पेपर वाचून दाखवत त्याले. आता वाचून दाखवनारं तेच एक राह्यलं."

बाबा गेल्यावर मी तेव्हा पहिल्यांदा रडलो. रडत रडतच चाचणी लिहिली. अख्खी चाचणी बसायला आलेल्या माणसांनी ऐकली, कुणी उठून गेलं नाही.