अक्काची स्थळं

अक्का 'कंडोम' हा शब्द 'कोथिंबीर' म्हणावी तितक्या सहज उच्चारायची. दारात शेजारणी बसलेल्या असोत की घरात टॉवेल न्यायला आलेला व्यापारी, तिचा आवाज काही खाली यायचा नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून दार लोटलं. ती म्हणाली, "उघड ते. उकडतंय."

सोलापुरात घरातल्याच यंत्रमागाच्या खडखडाटात तिचं आयुष्य गेलेलं. हळू बोलायची सवयच नव्हती. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नवरा एचआयव्हीनं गेला, तिलाही लागण झालेली. पण रोजच्या गोळ्या तिनं कधी चुकवल्या नाहीत आणि ती ठणठणीत होती. दवाखान्यात औषधं घ्यायला गेली की रांगेतल्या एकट्यादुकट्यांची चौकशी करायची. त्यातूनच तिला सोयरिकी जुळवायचा नाद लागला. मीही तिला तिथंच सापडलो. माढ्याकडचा मी, शहरात एका दुकानात कामाला, तिशी उलटलेली. लागण कशी झाली हे तिनं विचारलं नाही. शेती किती, हे मात्र लगेच विचारलं.

आजार लपवून लग्न लावायला ती कधीच तयार नसे. एका मुलाकडचे 'लग्न झाल्यावर सांगू' म्हणाले, तर तिनं त्यांना चहा पाजला आणि परतीच्या गाडीची वेळ सांगितली.

तिच्याच गल्लीत रेखा राहायची. मूळची जेऊरची, पहिलं लग्न मोडलेलं, गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला. तिला लागण नव्हती. आमची गाठ अक्काच्याच घरी पडली. माझी तपासणी, माझ्या गोळ्या, सगळं अक्कानंच तिला सांगावं, अशी गळ मी घातली होती.

"लगीन तुला करायचंय का मला?" असं म्हणून ती बाहेर जाऊन बसली.

मी सांगितलं. रेखानं एवढंच विचारलं, "मला होणार न्हाय का?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बाहेरून अक्का बोलली, "त्याला विचारू नको, मलाबी विचारू नको. डॉक्टरांना विचार की."

दोघं गेलो. डॉक्टरांनी नीट समजावलं. एका ताटात जेवून, एका घरात राहून हा आजार होत नाही. असुरक्षित संबंध, दूषित सुई, बाधित रक्त यांतून होतो, आणि बाधित आईकडून बाळाला होऊ शकतो. गोळ्या नियमित चालू असल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. माझा अहवाल तसाच होता. तरी तपासण्या चुकवायच्या नाहीत, मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन बोलायचं, तोवर कंडोम वापरायचा, असं त्यांनी सांगितलं.

रेखा जेऊरला निघून गेली. मला वाटलं, संपलं. अक्का माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायची, रेखाचं नाव काढायची नाही. एक दिवस रेखाच परत आली आणि अक्काला म्हणाली, "माझं ठरलंय. आईचं अजून न्हाय."

लग्नात सासूबाईंनी माझं ताट जरा बाजूला मांडलं. अक्का सगळ्यांदेखत माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझ्याच ताटातली शेंगापोळी मोडून खाल्ली. "हिच्यातनं काय लागलंच तर साखरेचा आजार लागंल," ती सासूबाईंना म्हणाली. सासूबाईंना हसू आवरलं नाही. दुसरी पोळी त्यांनी स्वतः माझ्या ताटात वाढली.

पुढं अक्काला तिच्या मुलानं भिवंडीला नेलं. तिचा माग विकला गेला. स्टँडवर ती आमच्यापेक्षा जास्त रडली, आणि खिडकीतून ओरडून मला औषधांची आठवण करत राहिली. अख्ख्या स्टँडनं ते ऐकलं. मला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं चाललो आणि आम्हाला मुलगी झाली. रेखाच्या सगळ्या तपासण्या निर्दोष आल्या. मी अक्काला व्हिडिओ कॉल लावला. तिनं बाळाला डोळे भरून पाहिलं, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "हिचं लगीन मात्र मी जमवणार न्हाय बाबा. माझ्याकडची सगळी स्थळं गोळ्यावाली."

रेखानं माझ्या हातातून फोन घेतला. "येळेवर खाणारा असला तर चालंल की, अक्का."