काकांची रायफल

चांगली बंदूक माणसाला निर्भय करते, असं माझे काका म्हणत. जवसाच्या तेलाचा वास आला की त्यांची महागावची ओसरी आठवते. कापूस बुडाला त्या वर्षांत ते तिथे शिकारीच्या खास रायफलीचे आराखडे काढत आणि तिच्या खांद्याला टेकायच्या दस्त्यासाठी आणलेल्या सागाला ते तेल चोळत. एकदा दस्त्याची लांबी ठरवायला ते स्वतःचा हात कोपरापासून बोटापर्यंत मापत असताना शेतावरचा सालदार आला. "मालक, रायफल कवा होईन? डुकरं कपाशीत शिरून राह्यले, अन् बायको एकटी जाते कापूस येचाले." "अरे, साग जड पडतो. अक्रोडाचं लाकूड येऊ दे." "डुकराले सागाचाबी चालते, मालक!" काका हसले. चौथ्या दिवशी रानडुकरानं त्याच्या बायकोची मांडी फाडली. यवतमाळला नेताना ती जीपमध्येच गेली. काकांच्या पश्चात त्यांचं कपाट मी आवरलं. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज त्यात कोराच निघाला.